‘शक्यतो’ या शब्दावर सही न करणाऱ्या डॉ. वसुधा बिरादार

डॉ. वसुधा बिरादार यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या एका लहान मुलीच्या मानेला मलम लावत होत्या. नांदेडच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून माझा तो पहिलाच आठवडा होता. बालरोग विभागात मला बोलावणे आले, म्हणून मी गेले. टेबलावर दहा-अकरा वर्षांची एक जाड मुलगी मान खाली घालून बसली होती. मान मागच्या बाजूने काळी पडलेली आणि त्या काळ्या भागावर सोलल्यासारख्या जखमा. शेजारी तिची आई उभी होती. दोघी हिमायतनगरहून आल्या होत्या.

“लई घासलं मॅडम,” आई सांगत होती. “साबणानं घासलं, दगडानं घासलं. मळ जाईच ना. पोरीची जात हाय, पुढं लग्नाचं बघावं लागंल.”

“मळ न्हाई माय तो,” मॅडम म्हणाल्या. “घासून जायचा न्हाई. आत साखरेचं काम बिघडायलंय, ते बाहेर दिसायलंय. आता हिला घासू नका.”

मुलीचे नाव सानिका. ती काय खाते असे विचारल्यावर आईने मान खाली घातली. सानिकाचे वडील बालाजी एका वितरकाच्या टेम्पोवर चालक होते. वेफर्स, बिस्किटे, थंड पेयांच्या बाटल्या असा माल ते तालुकाभरच्या दुकानांना पोचवत. मुदत संपत आलेली खोकी घरी येत. फुकटचे येते म्हणून मुलीला दिले, आणि मुलीला भाकरी गोड लागेनाशी झाली.

मायलेकी बाहेर गेल्यावर विभागातले एक तरुण डॉक्टर म्हणाले, “आईनंच लाड करून पोरीचं वाटोळं केलं.” मॅडमनी हातातले मलमाचे झाकण लावले आणि शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, तो कारखाना त्या बाईनं काढलेला नाही. शाळेच्या फाटकासमोर दुकानही तिनं मांडलेलं नाही. तिला बोलून आपल्याला काय मिळणार?”

पुढची अनेक वर्षे मी त्यांच्याबरोबर काम केले. या एका प्रश्नापासून त्या ढळल्या नाहीत. त्यांच्यापुढे बसलेल्या कोणत्याही आईला त्यांनी कधी दोष दिला नाही.

मॅडम मूळच्या देवणीच्या. डॉक्टरकीची पहिली वर्षे त्यांनी कुपोषित मुलांमध्ये घालवली. हाडांना कातडी चिकटलेली मुले त्यांनी हाताने भरवली होती. त्याच विभागात, त्याच गावांतून, पुढे सुजल्यासारखी मुले येऊ लागली. काही घरांत तर थोरले असे आणि धाकटे तसे. लोकांना हे नवल वाटे. मॅडमना वाटत नसे. “दोघांच्याही ताटात जेवण नाही,” त्या म्हणत. “एकाचं ताट रिकामं आहे, दुसऱ्याच्या ताटात पाकीट आहे.”

शाळा सुटायच्या वेळी त्या मुद्दाम एखाद्या शाळेसमोर जाऊन उभ्या राहत. लातूरला गेल्या की शिकवण्यांच्या गल्ल्यांमधून हिंडत. खेड्यांतून आलेली मुले तिथे खोल्या करून राहतात. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळताना मधल्या वेळेत वेफर्सचे पाकीट आणि थंड पेयाची बाटली, हेच अनेकांचे रात्रीचे जेवण. मॅडम त्यांच्याशी गप्पा मारत, पण उपदेश करत नसत. त्या म्हणत, की भाकरी करून वाढणारे कुणी नाही आणि पाकीट दारात टांगलेले आहे, मग पोराने काय करावे?

सानिका मधल्या काळात शाळेत जाईनाशी झाली. मुली तिला ‘ढोल’ म्हणत आणि खेळाचे सर तिला कडेला बसवत. मॅडमना हे आईकडून कळले. एका सुट्टीच्या दिवशी त्या हिमायतनगरला गेल्या, सानिकाच्या घरी भाकरी आणि मेथीची भाजी जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन स्वतः शाळेत गेल्या. सरांना त्यांनी एवढेच सांगितले, “हिला धावता येत नसेल तर चालू द्या. पण बसवू नका.” सानिका पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्या घराने मॅडमवर जीव टाकला तो तेव्हापासून. पुढे जे घडले ते या विश्वासापोटीच.

शाळेत आणि शाळेबाहेर असले पदार्थ विकण्यावर नियम करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तज्ज्ञ म्हणून मॅडमना तीत घेतले. मसुदा त्यांनी मनापासून लिहिला. शाळेत आणि शाळेच्या फाटकासमोर विक्री नको. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर मराठीत ठळक इशारा हवा. शाळेत कंपन्यांची जाहिरात नको. याहून जास्त काही त्यात नव्हते.

समितीची एक सुनावणी लातूरला झाली. तक्ते घेऊन मी मॅडमच्या मागे बसले होते. उद्योगाचे प्रतिनिधी आले. माणसे अत्यंत सभ्य. मुले खेळत नाहीत, मोबाइल बघतात, पालकांमध्ये जागृती नाही आणि खाणे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, असे त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून पटवले. अध्यक्ष मान डोलवत होते.

मग बालाजी उभे राहिले. मॅडमनी त्यांना बोलाल का असे विचारले होते आणि विचार करायला वेळही दिला होता. सानिकाची आई नको म्हणत होती. तरी ते धुतलेला सदरा घालून आले होते.

“मी गाडी चालवतो साहेब,” ते म्हणाले. “माल कुठं टाकायचा ते मला वरून सांगतेत. शाळा सुटायच्या आधी फाटकासमोरची दुकानं भरायची, हे पहिलं काम. लेकराच्या डोळ्याच्या उंचीला पाकिटांच्या माळा टांगायच्या, हे बी आम्हालाच सांगतेत. तुम्ही आवड म्हणायलात. आवड अशी टांगून लावलेली असती व्हय? माझीच पोरगी आजारी हाय, म्हणून बोलायलोय.”

अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या भावना समजल्या. नोंद घेतली आहे. पुढचे कोण?”

आठवडा उलटायच्या आत वितरकाने बालाजींना कामावरून काढले. कारण दिले नाही. आता गाडीवर माणूस नको, एवढेच सांगितले.

यथावकाश नियम जाहीर झाले. दवाखाना संपवून आम्ही मॅडमच्या खोलीत ते वाचले. मसुद्यातली सगळी कलमे होती, फक्त प्रत्येक कलमात एक शब्द वाढला होता. शाळांनी असे पदार्थ ‘शक्यतो’ ठेवू नयेत. फाटकासमोरील विक्रीस ‘शक्यतो’ प्रोत्साहन देऊ नये. पाकिटावरच्या इशाऱ्याचे ‘माहिती’ झाले होते आणि तीही उत्पादकाने ‘शक्यतो’ द्यायची होती. मॅडमनी माझ्यासमोरच खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोन लावला.

“हा शब्द कुणी घातला?”

पलीकडून उत्तर आले, “मॅडम, सगळ्यांना बरोबर घेऊन चालावं लागतं.”

“मुलांना कुणी घेतलं बरोबर?” मॅडमनी विचारले. पलीकडचे अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी फक्त बैठकीचे कारण सांगून फोन ठेवला.

अंतिम अहवालावर मॅडमनी सही केली नाही. तिच्यावाचून काही अडलेही नाही. पुढची समिती नेमली गेली, तेव्हा तीत त्यांचे नाव नव्हते. उद्योगाच्या प्रतिनिधींना मात्र या वेळी सुनावणीपुरते न बोलावता सदस्य म्हणूनच घेतले होते.

बालाजी भेटायला आले तो दिवस मला विसरता येत नाही. मॅडम त्यांच्यासाठी काम शोधत होत्या आणि ते अजून मिळाले नव्हते. घर सानिकाच्या आईच्या मजुरीवर चालले होते. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, “मॅडम, नोकरी गेली त्याचं काही न्हाई. मी बोललो ते खरं होतं. पण त्याचं झालं काय, ते तेवढं सांगा.”

मॅडम उठल्या, त्यांच्यासाठी पाणी आणले आणि समोर बसून राहिल्या. काही महिन्यांनी त्यांच्याच खटपटीने बालाजी रुग्णालयाच्या गाडीवर लागले. तरी आजही विषय निघाला की मॅडम म्हणतात, “त्याला उभं करायला नको होतं. मला कल्पना होती, कोण ऐकायला बसलंय त्याची.” मी त्यांना कितीदा सांगितले, की ते स्वखुशीने आले होते. त्यांना ते पटत नाही.

यानंतर कंपन्यांनी शाळांमध्ये तंदुरुस्तीची मोहीम सुरू केली. चेंडू, दोऱ्या आणि पाठीवर कंपनीची खूण असलेले बनियन वाटले. ज्या अध्यक्षांनी बालाजींच्या भावना समजून घेतल्या होत्या, त्यांनीच झेंडा दाखवला. त्याच हंगामात लातूरला डॉक्टरांच्या एका संमेलनात मॅडमना बालआरोग्यातल्या कामाबद्दल पुरस्कार जाहीर झाला. त्या गेल्या. व्यासपीठावर चढल्यावर त्यांना मागचा फलक दिसला. सगळ्यात मोठ्या अक्षरात एका बिस्किट कंपनीचे नाव होते आणि पुरस्कार त्याच कंपनीचे अधिकारी देणार होते. मॅडमनी नमस्कार केला, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाल्या, “आपण मला बोलावलंत, आभारी आहे. माझा वॉर्ड ज्यांच्यामुळं भरतो, त्यांच्या हातून मला शाल घेता येणार नाही.” आणि त्या खाली उतरल्या.

टाळ्या वाजल्या नाहीत. जेवणाच्या वेळी एक ज्येष्ठ डॉक्टर मला म्हणाले, “तुमच्या मॅडमना कार्यक्रमाचं भान नाही.” त्यानंतर त्या संमेलनाचे आमंत्रण मॅडमना आले नाही. ज्या मुलांसाठी त्या भांडल्या त्यांच्या पालकांपर्यंत यातले काहीच पोचले नाही. वर्तमानपत्रात छायाचित्र आले ते बनियन घातलेल्या मुलांचे.

हा लेख ज्यात छापला आहे, त्या मॅडमच्या गौरवग्रंथाचीही गोष्ट सांगायला हवी. छपाईसाठी एका कंपनीची पानभर जाहिरात आली होती. ग्रंथाच्या समितीतल्या काहींना ती चालणार होती. मॅडमच्या कानावर गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ग्रंथच नको.” जाहिरात गेली. वाचकांच्या हातात हा ग्रंथ साध्या कागदावर आला आहे, त्याचे कारण हे आहे.

सानिका आता पंचविशीत आहे. नांदेडला एका दुकानात काम करते. विशीच्या आतच तिला मधुमेह झाला. मॅडमनी तिला सांभाळले, म्हणून तिचे डोळे आणि मूत्रपिंडे आज शाबूत आहेत. दोन ठिकाणी लग्नाचे जमत आले होते. गोळ्यांचे सांगितल्यावर मोडले. लपवू नकोस असे मॅडमनीच तिला सांगितले होते आणि तिने लपवले नाही. गेल्या महिन्यात ती भेटली, तेव्हा मी या लेखाविषयी बोलले. “मॅडम जिंकल्या असं लिहू नका ताई,” ती म्हणाली. “त्यांना खोटं आवडत न्हाई.”

तर मी तसे लिहीत नाही. डॉ. वसुधा बिरादार हरल्या. कुणी त्यांना खोटे पाडले नाही, कुणी अपमानही केला नाही. त्यांचे आभार मानले, त्यांची नोंद घेतली आणि त्या म्हाताऱ्या होण्याची वाट पाहिली. खाते म्हातारे होत नाही, कंपनी म्हातारी होत नाही. माणूस होतो, आणि हा हिशेब त्यांना चांगला कळतो.

मॅडम, म्हणून आम्हा सगळ्यांचे तुमच्याकडे एक मागणे आहे. गुडघ्यांची काळजी घ्या. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. तुम्ही रुग्णांना सांगता तसे वेळेवर जेवा आणि पुरेसे झोपा. शंभरी गाठा, आणि ती धडधाकट गाठा. त्यांनी तुमच्या थकण्यावर भरवसा ठेवला आहे. तो एकदा तरी खोटा ठरलेला आम्हाला पाहायचा आहे.