ज्ञानोबा मिस्त्रीचा फळा

ज्ञानोबा मिस्त्री गेल्याची खबर मला पेडगावच्या दत्तरावानं आणून दिली. परभणीला लेकीकडं सकाळचा चहा घेत बसलो होतो. दत्तराव दारात उभा राहिला, आत काही येईना. "गुरुजी, आपला मिस्त्री गेला," एवढंच म्हणाला अन् उंबऱ्यावरच बसला... सव्वा महिना झाला त्याला. हा निरोप दत्तरावानंच आणावा, हे मला जास्त लागलं. का, ते सांगायलाच लिहायला बसलोय.

झरीला मी मास्तर होतो तेव्हा शाळेसमोरच ज्ञानोबानं दुकान टाकलं. घरी मेंढरं राखणारी माणसं, पण हा परभणीत राहून मोटर भरायला शिकून आलेला. मोटर भरायची म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटर खोलून आत नवी तांब्याची तार गुंडाळायची. पहिले सहा महिने बसला माशा मारत. शाळेतला एक तडकलेला फळा मी फेकायला काढला होता, तो यानं मागून नेला, दुकानाबाहेर टांगला अन् दर बाजाराच्या दिवशी त्यावर लिहायला लागला. मोटर लावायच्या आधी पेटीवरचे तिन्ही फेजचे दिवे लागलेत का बघा. दोनच असले तर बटणाला हात लावू नका. मोटर नुसती गुरगुरली तर लगेच बंद करा. असलं सगळं, पाचवी शिकलेल्या अक्षरात. मी एकदा चिडून विचारलं, बाबा, लोकांच्या मोटरी जळाल्याच न्हाईत तर तू खाणार काय, दगडं? हातातली तार न सोडता तो म्हणाला, "जळू नये म्हणून ज्यानं सांगितलं, जळल्यावर माणूस त्याच्याकडंच येतंय गुरुजी. बघा तुमी." अन् झालंही तसंच. लोक आधी फळा वाचायचे, मग भाजी घ्यायचे. ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याला धरून वाचून घ्यायचा. जिंतूरकडच्या गावांतनं लोक वाटेतली दुकानं सोडून त्याच्याकडं बैलगाडीत मोटरी घेऊन येऊ लागले. माझी अक्कल तिथंच थिटी पडली होती, पण मास्तराला ते कबूल करायला वेळ लागतो.

मग एका हिवाळ्यात चार दिवस नुसतं आभाळ भरून राहिलं. मोटर भरल्यावर तारेवर वार्निश ओततात, ते चांगलं वाळावं लागतं. लोकांची घाई, गव्हाला पाणी द्यायचं होतं. ज्ञानोबानं पाच मोटरी देऊन टाकल्या. त्यातली झरीतलीच एक दुसऱ्या दिवशी जळून परत आली. खोलून बघतो तर वार्निश आत ओलं. त्यानं ताबडतोब फळ्यावर लिहिलं, की ह्या आठवड्यात नेलेली मोटर कुणी चालू करू नये, माझ्या हातून चूक झाली आहे, परत आणावी, पुन्हा फुकट भरून देईन. खाली बापाच्या नावासकट आपलं नाव. नामांतराच्या मोर्च्यांमुळं त्या दिवसांत एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून सायकल काढून तो जिंतूरच्या वाटेवरच्या तिघांना सांगायला निघाला. राहिला पेडगावचा दत्तराव. बाजार त्याच दिवशी होता, तो येणारच होता अन् फळा वाचल्याबिगर जाणार नव्हता. जाताना ज्ञानोबा मला म्हणाला, "फळ्याकडं तेवढं लक्ष असू द्या गुरुजी."

फळ्यापुढं गर्दी जमली. कुणी हसायलंय, कुणी म्हणतंय मिस्त्री गेला कामातनं. एक जण मोटर घेऊन आला होता, तो वाचून तसाच गाडी वळवून गेला. मला राहवलं नाही. ह्या वेड्याला आपणच वाचवलं पाहिजे असं वाटलं... अन् मी फळा पुसला. दत्तरावाला तोंडी सांगू, असा माझा हिशेब. नेमके शाळेत तपासणीला साहेब आले. सुटलो तोवर दत्तराव येऊन गेला होता.

त्याची मोटर संध्याकाळी जळाली. पुन्हा भरून द्यायला आठ दिवस गेले, ओंब्या भरायच्या वेळेला पाणी नाही, निम्मा गहू उभ्या जागी वाळला. दत्तराव आला, आवाज न चढवता म्हणाला, "मिस्त्री, फळा कोरा व्हता. मी बघूनच गेलो." मी तिथंच होतो. ज्ञानोबानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझीच हाय," म्हणाला, अन् तेच फळ्यावर लिहिलं. दत्तरावानं पुढं कधी दुसऱ्याकडं मोटर नेली नाही. गिऱ्हाईक तुटलं तर नाहीच, वाढलं. चूक झाली तर हा माणूस लपवत न्हाई, असं लोक म्हणायचे. मी मात्र लपवत होतो. त्या दिवसापासून दर बाजाराला ज्ञानोबा ओलं फडकं माझ्या हातात द्यायचा. पुसा गुरुजी, म्हणायचा. मी पुसायचो, तो लिहायचा. मी झरी सोडेपर्यंत हे दहा वर्षं चाललं. मला वाटायचं, मास्तराचा मान ठेवतोय.

परवा दत्तरावासोबत झरीला गेलो. दुकान बंद, फळा तसाच टांगलेला. उन्हाळा लागलाय, विहिरीत पाणी बघून मोटर लावा, असं त्याचं शेवटचं लिहिलेलं. ज्ञानोबाच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, फडकं भिजवून आणून दिलं. मी म्हणालो, राहू द्या वहिनी, माझ्याच्यानं व्हायचं नाही. त्या म्हणाल्या, "न्हाई, ते सांगायचे, फळा गुरुजीच पुसतील. कवा पुसायचा न्हाई ते त्यांना एकदा कळलंय."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

फडकं वहिनींना परत दिलं. खाली चार बोटं जागा होती. खडू घेतला अन् लिहिलं, की दत्तरावाची मोटर जळाली त्या दिवशी हा फळा मी पुसला होता. खाली बापाच्या नावासकट माझं नाव घातलं. मागं दत्तराव एकेक अक्षर लावून वाचत होता. त्याचं वाचून होईपर्यंत मी वळून बघितलं नाही.