कुजबुजरावांची परीक्षा

आमच्या नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून विसरलेली वाक्यं कुजबुजत आला आणि माझ्यासारख्या विसरभोळ्या नटाची अब्रू राखत राहिला. आम्ही त्याला कुजबुजराव म्हणायचो. मला मिळालेल्या निम्म्या टाळ्या त्याच्या होत्या, हे आज लिहून टाकतो.

बायको गेल्यावर तो एकटा पडला. परदेशातली लेक म्हणाली, "बाबा, इकडेच राहायला या." पण त्यासाठी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी. तीत आलेख दाखवतात आणि रेघ कशी चढते, कशी उतरते ते बोलून सांगायचं. त्रेसष्टाव्या वर्षी गडी 'राइज', 'फॉल', 'प्लन्ज' घोकायला लागला.

तालीम मी घेतली. 'क्लाइम्ब्ड स्लोली' म्हणत खुर्चीवर चढायचो, 'प्लन्ज्ड' म्हणत पलंगावर धाडकन कोसळायचो.

"अरे, हाडं मोडशील!"

"तू पाठ कर. आणि कुजबुजू नकोस, मोठ्याने बोल! परीक्षक काय रंगमंचावर उभा आहे?"

परीक्षेला उमेदवार दोघादोघांनी बसवले. त्याच्या जोडीला एक तरुण नर्स. याचं बोलणं झकास झालं. मग तिचा आलेख आला. रेघ एकदम खाली गेलेली आणि पोरगी तिथेच अडकली. ओठ हलतायत, शब्द फुटत नाही. मान न वळवता कुजबुजराव पुटपुटला, "ड्रॉप्ड शार्पली."

परीक्षक बाईंनी ऐकलं. दोघांनाही बाद करायला निघाल्या, तेव्हा याने लिहून दिलं, 'तिने विचारलं नव्हतं. मीच सांगितलं.' पोरगी बचावली. याच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

"गाढवा, तुझं झालं होतं ना सगळं?" मी ओरडलो.

"झालं होतं रे. पण ती थांबली. तुझ्या वेळी मी कधी विचार करत बसलो का?"

लेकीला त्याने फक्त नापास झाल्याचं कळवलं.

दुसऱ्याच वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलात मी त्याच्या तोंडाशी फोन धरला. पलीकडून लेक रडवेली झाली, "बाबा, मोठ्याने बोला ना, काही ऐकू येत नाही!"

मला मात्र शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो कुजबुजायचा, मी खणखणीत आवाजात तिला सांगायचो. एकही वाक्य चुकलो नाही.

"तुझ्या घरात ऊन कुठल्या खिडकीतून येतं गं?" मी म्हणालो.

ती सांगू लागली. मी पुढच्या वाक्यासाठी कान त्याच्या ओठांशी नेला. बराच वेळ तसाच वाकून राहिलो.