ताई मागे, धाकटी पुढे

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ताईला ताई न म्हणणारा माणूस सापडायचा नाही. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा तिला ताईच म्हणत, आणि तेही जरा बिचकून. कारण बाईच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. तिची सख्खी, हक्काची बहीण मात्र एकच, धाकटी. सगळ्यात जास्त बोलणीही तिच्याच वाट्याला येत.

मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन बाजू धरायच्या, ताणायच्या, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. हे काम दोघी बहिणी करत आणि करता करता भांडत. तू टोक नीट धरत नाहीस, तू नवऱ्याला डोक्यावर बसवून ठेवलंयस, परवा माझ्या लेकीला काय बोललीस ते कळलंय मला. चादर झटकली की एक वाक्य, घडी जुळली की त्याचं उत्तर. नवीन माणसं घाबरून बघत राहत. जुनी माणसं खुशाल आपलं काम करत.

बाप घर सोडून गेला आणि आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ताईने शाळा सोडली आणि लोकांचे कपडे धुवायला घेतले. धाकटीला शिकवलं, तिचं लग्न लावलं. पुढे धाकटीच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा साहेबांच्या मागे भुणभुण लावून तिला इथे चिकटवलंही तिनेच. पण यातलं अक्षर ती कधी बोलली नाही. केलेलं बोलून दाखवणं म्हणजे वाढलेलं ताट ओढून घेणं, असं तिचं सरळ मत होतं.

अशात वरून हुकूम आला, की सगळ्यांनी ट्रेनिंगला बसायचं. विषय काय, तर कोणाला आयुष्यात आयती सवलत मिळाली, कोणावर दडपण आलं आणि एकमेकांचे साथीदार कसं व्हायचं. खाली ऑपरेशन थिएटरच्या कपड्यांचा ढीग छताला लागायला आलेला, एक मशीन रुसून बसलेलं, आणि वर सभागृहात ही सगळी वरात!

ट्रेनिंगवाल्या बाई तशा वाईट नव्हत्या. आवाज गोड, चेहरा हसरा, आणि बोलणं इतकं मऊ की ताईला जांभया आवरेनात. पुढे असलेल्याने मागच्यासाठी जागा करायची, असं त्या परत परत सांगत होत्या. "कळलं हो बाई, पण त्या कपड्यांना कोण सांगणार?" ताई पुटपुटली. शेजारी धाकटी फिसकन हसली.

मग बाईंनी सगळ्यांना एका रेषेत उभं केलं. प्रश्न विचारला जाईल, उत्तराप्रमाणे एक पाऊल पुढे किंवा मागे टाकायचं. शाळा पूर्ण झाली असेल तर पुढे, सोडावी लागली असेल तर मागे. घरातलं आजारपण लहानपणी अंगावर पडलं असेल तर मागे. ताईचं अर्धं लक्ष खालच्या मशीनकडे. लवकर आटपा एकदाचं, म्हणून ती विचार न करता पावलं टाकत सुटली. वैतागात माणूस खरं बोलून जातं, तसं तिच्या पायांचं झालं.

"लहानपणी कधी उपाशी झोपावं लागलं असेल तर एक पाऊल मागे. रोज पोटभर मिळालं असेल तर एक पाऊल पुढे."

ताईचं पाऊल मागे पडलं आणि तिने मान वर केली. धाकटी पार पुढे जाऊन उभी होती आणि वळून तिच्याकडेच बघत होती.

"ताई, तू मागे का गेलीस? आपण तर रोज जेवायचो."

"गुडघा दुखतोय माझा. चुकून पडलं."

"तू म्हणायचीस, माझं झालंय जेवून."

ट्रेनिंगवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाच घरातल्या दोन बहिणी, म्हणाल्या, बघा किती अंतर! आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, सगळ्यांनीच वाजवल्या. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे तिने आईलासुद्धा कळू दिलं नव्हतं, ते आता धोबीघाटावरच्या कपड्यांसारखं सगळ्यांसमोर पसरलं होतं, आणि वर टाळ्या!

खरा वैताग मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. धाकटी बदलली. जड गाडी तीच ढकलू लागली. पंख्याखालची जागा ताईला सोडू लागली. चादरीच्या घडीला उभ्या राहिल्या की नुसतं "हो ताई", "बरं ताई". ताईने मुद्दाम तिच्या नवऱ्याला आळशी म्हटलं. एरवी धाकटीने चादर टाकून कमरेवर हात ठेवले असते. आता म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

ताईला धडकीच भरली. भांडायला हक्काचं एकच माणूस होतं, तेही पाया पडायच्या बेतात आलेलं. ती तरातरा साहेबांकडे गेली.

"साहेब, तिला त्या ट्रेनिंगला परत पाठवा आणि होती तशी उलटवून आणा!"

साहेब हसले. ताई हसली नाही. असंच चाललं तर बहीण जाईल आणि उपकाराखाली वाकलेली एक बाई तेवढी उरेल, या भीतीने तिला जेवणही गोड लागेना.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत कडेलोट झाला. धाकटीने आपला डबा उघडला आणि सगळा ताईपुढे सरकवला.

"तू खा. मला भूक नाही."

"खोटं बोलू नकोस!" ताई कडाडली. "सकाळपासून गाड्या ओढतेयस आणि म्हणे भूक नाही. मी काय भिकारीण आहे?"

"का? हेच तू म्हणालीस तर चालतं?" धाकटीचा आवाज चढला. इतक्या दिवसांनी चढला, म्हणून ताईला क्षणभर बरंच वाटलं. पण ते क्षणभरच. "कोणी सांगितलं होतं तुला उपाशी राहायला? मला विचारलंस? अर्धं अर्धं खाल्लं असतं, दोघी अर्धपोटी झोपलो असतो, रडलो असतो बरोबर. तू मला एकटीलाच जेवायला बसवलंस. मी मागून मागून घ्यायचे गं, आणि तू वाढत राहायचीस. आता मला तो एकेक घास आठवतोय. त्याचं मी काय करू, सांग ना!"

आजूबाजूचे डबे थांबले.

"अगं, तू लहान होतीस," ती म्हणाली.

"तूही लहानच होतीस, ताई."

आई अंथरुणाला खिळल्यापासून ताईला सगळ्यांनी शहाणी म्हटलं होतं, खंबीर म्हटलं होतं, घरचा कर्ता मुलगा म्हटलं होतं. लहान कोणीच म्हटलं नव्हतं. तिला राग आला, फार राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. डोळे भरून आले, ते तिने धाकटीसमोर पुसलेही नाहीत.