हणमंतराव आणि हुतूतूचे एकशे चाळीस सभासद

हणमंतराव महसूल कचेरीत अहलकार होते, म्हणजे साधे कारकून. काचीगुड्यात दोन खोल्या, कचेरीत एक डुगडुगती खुर्ची आणि गौलीगुड्यात मठामागे हुतूतूचं मैदान, एवढाच यांचा संसार, असं त्यांची बायको इंदुमती म्हणायची. त्यात आपला नंबर मैदानानंतर लागतो, हेही ती न चुकता सांगायची. वय सेहेचाळीस, अंगकाठी किडकिडीत, पण दम असा की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर.

हे मैदान त्यांनी सोळा वर्षांपूर्वी सुरू केलं तेव्हा निजामी अंमल होता. आखाडा चालवायचा तर सरकारी परवानगी लागे, आणि हणमंतरावांच्या प्रत्येक अर्जाला वाटाण्याच्या अक्षताच मिळत. मग ही मंडळी परवानगीशिवाय, झुंजुमुंजू होताना खेळत. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून हुतूतूचा दमसुद्धा पुटपुटत घ्यायचा. दम तुटला की नाही यावरून भांडणंही कुजबुजत व्हायची. पकडलं गेलं तर नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी रोज सतरा जण यायचे. त्यांतले सगळ्यांत बिलंदर खेळाडू म्हणजे केशवराव. तेव्हा ते वकिलीचा अभ्यास करत होते आणि समोरच्याचा घोटा एकदा धरला की सोडत नसत.

मैदानात आठ गाड्या माती होती. खडा नाही, काच नाही; दर अमावास्येला सगळे मिळून ती चाळायचे. कुणी आडवा पडला तरी गुडघा फुटायचा नाही.

मग संस्थान गेलं, हैदराबाद भारतात आलं, आणि पाच वर्षांनी शहरात हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरायची ठरली. हणमंतरावांना आकाश ठेंगणं झालं. स्वागत समितीचे लोक त्यांच्या दारात आले. मोठ्या मैदानावर टाकायला अशी माती शहरात दुसरीकडे नव्हती. अध्यक्षांनी चहा पिताना सांगितलं, "ही स्पर्धा एकदा होऊ द्या. मग बघा, घराघरातून खेळाडू निघतील. तुम्हाला मैदान पुरणार नाही." हणमंतराव विरघळले. आठही गाड्या त्यांनी स्वतः भरून दिल्या.

स्पर्धा झकास झाली, यात वाद नाही. शामियाना, पाहुण्यांना बसायला कोच, बँड, चार दिवस नुसती गर्दी. पाचव्या दिवशी त्याच मैदानावर प्रदर्शनाचे स्टॉल उभे राहिले आणि माती त्याखाली कुठे गेली ते देवाला ठाऊक. हणमंतरावांनी चकरा मारल्या, अर्ज दिले. समितीने गोड बोलून तोंडाला पानं पुसली. मठामागे उरली ती मुरमाड जमीन, नखाएवढ्या खड्यांची.

बरं, घराघरातून माणसं निघाली नाहीत असंही नाही. निघाली की! दोन महिन्यांत एकशे चाळीस जणांनी सभासद म्हणून नावं दिली. पहिल्या रविवारी सगळी नटूनथटून आली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, खुर्च्या कुठे आहेत? दुसरा, पंच कोण? पंच व्हायला तिथल्या तिथे अकरा जण तयार झाले. गौलीगुड्यातली निम्मी वस्ती सरकारी नोकर, उरलेली वकील आणि मास्तर. या लोकांना चार दिवस खेळ दाखवलात तर ते काय करतील? संस्था काढतील. काढलीच. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, हिशेबनीस, असे चौदा पदाधिकारी. खेळायला माणसं तीन: हणमंतराव, मठाचे पुजारी अंबाजी, आणि स्टेशनवरचा एक पॉइंटमन. जुन्या सतरांतले चौदा कुठे गेले म्हणता? तेच तर पदाधिकारी झाले होते! चिटणीस होते केशवराव, आता वकील झालेले.

हणमंतराव वर्षभर तळतळत राहिले. रोज पहाटे एकटे बसून खडे वेचत, आणि घरी येऊन इंदुमतीवर चिडत. "माझ्यावर काय चिडता? मी तर तुमच्या संस्थेत उपाध्यक्षसुद्धा नाही," ती म्हणायची.

अशात सरकारी कचेरीतून एक फॉर्म आला. स्पर्धेपूर्वी किती खेळाडू होते, आता किती आहेत? जिथे वाढ झाली असेल तिथे सरकार दहा गाड्या माती टाकून मैदान करून देणार होतं. वाढ नसेल तर काही नाही. रविवारी मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडून बैठक बसली. केशवरावांनी आकडा आधीच भरून आणला होता: एकशे चाळीस. खेळ शिकवणारे म्हणून हणमंतरावांची सही तेवढी हवी होती.

"कुठे आहेत हे एकशे चाळीस?" हणमंतरावांनी विचारलं.

"यादीत हैत ना," हिशेबनीस म्हणाले.

"यादी हुतूतू खेळते का हो?"

"हणमंतराव, दस्तखत करून टाका," केशवराव समजावत म्हणाले. "माती मिळेल. कायकू हट्ट करता?"

माती! ती माती हणमंतरावांना हवी होती, फार हवी होती. त्यांनी पेन उघडलं, आणि ते तसंच हातात धरून राहिले.

"केशवराव, एक सांगा. तेव्हा पकडलं जायची भीती होती तरी तुम्ही एक दिवस चुकला नाहीत. आता कुणी अडवत नाही, तर वर्षभर धोतर खोचून उतरला नाहीत. का?"

केशवरावांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "ती पंजाबची, मुंबईची पोरं बघितलीस ना? त्यांना खेळताना बघून वाटलं, आपण इतकी वर्षं जे करत होतो तो खेळच नव्हता. पोरखेळ होता. आता उतरायची लाज वाटते रे."

वर्षभर ज्याला हणमंतराव आळस समजून शिव्या घालत होते ती शरम निघाली. आणि ही शरम आपणच मातीबरोबर गाड्या भरून दिली, हे कळल्यावर त्यांचं डोकं आणखीच फिरलं. त्यांनी टाचेने मुरुमात रेघ ओढली, मांडीवर थाप मारली आणि "हुतूतूतूतू" करत थेट केशवरावांच्या खुर्चीवर चाल केली.

"अरे, खुळा झालास का?" म्हणेपर्यंत हणमंतरावांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ते मागे फिरले. केशवरावांचं डोकं काही ठरवायच्या आत त्यांच्या हातांनी ठरवलं. काळ्या कोटासकट ते पुढे झेपावले आणि त्यांनी हणमंतरावांचा घोटा धरला. दोघेही मुरुमात आपटले. रेघ वीतभर राहिली आणि दम तुटला.

"बाद!" केशवराव सगळ्या गौलीगुड्याला ऐकू जाईल असे ओरडले. कोटाची बाही फाटली होती, चष्मा कुठेतरी गेला होता.

हणमंतरावांचा गुडघा चांगलाच फुटला होता. तसेच पडल्या पडल्या त्यांनी फॉर्म मागून घेतला. स्पर्धेपूर्वी, सतरा. एकशे चाळीसवर काट मारून पुढे लिहिलं, चार. खाली सही केली.

केशवरावांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "माती नाही मिळणार मग."

"नाही मिळणार."

"आणि तीनच आहात ना तुम्ही? चौथा कोण?"

"आधी माझा पाय सोड," हणमंतराव म्हणाले.

केशवरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं, घोटा सोडला, आणि चिटणीस म्हणून खाली सही केली. बाकीचे तेरा जण खुर्च्यांवर बसून अजून टाळ्या वाजवत होते.