दम खात खात पद्मालय

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "गुरुजी, हृदय थकलं आहे. रोज थोडं चाला, दम लागला की थांबा, रागावू नका." धुळ्याहून नरडाण्याला परतेपर्यंत माझ्या मुलाने, माधवने, यातलं फक्त पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी खाटेवर. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळू लागला. छत्तीस वर्षं पोरांना कवायत शिकवलेला माणूस मी. दीड महिन्यात त्या खाटेने मला आजाराहून जास्त म्हातारं केलं.

अशात धरणगावहून अक्काचं कार्ड आलं. अक्का माझी थोरली बहीण, सत्तरीची. "पद्मालयाच्या गणपतीला जायचं मनात आहे. सोबत चल. नाही आलास तर एकटी जाईन." माधव चिडला. मी मात्र डॉक्टरांचा सल्ला मोडला नाही, रागावलो नाही. पिशवी भरली आणि सकाळची गाडी धरली.

गाडी अमळनेरला बराच वेळ थांबते. उतरून चहा घ्यायला हरकत नाही. दुपारी धरणगावला अक्काने वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पुढे ठेवली. भरीत जरा बेतानेच खाल्लं. पथ्याचं एवढं एकच पाळलं.

महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून एरंडोलची सर्व्हिस मोटार बंद होती. अक्काच्या ओळखीच्या सुपडूने आपली बैलगाडी जोडली. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. जाणाऱ्यांनी गाडीत कडबा भरपूर अंथरून घ्यावा, नाहीतर रस्ता कमरेला कळतो. दिवाळी नुकतीच झाली होती, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. वेचणी करणाऱ्या एका बाईने हाक मारून विचारलं, "बठ्ठा कथा चालनात?"

"पद्मालयले!" अक्का ओरडली.

"मनाबी नमस्कार सांगज्यात!"

रात्री एरंडोलच्या धर्मशाळेत मुक्काम केला आणि उजाडताच टेकडीकडे निघालो. पायथ्याशी गाडी सोडली. सुपडूने बैल झाडाला बांधले आणि शिदोरी खांद्यावर घेऊन तो आमच्याबरोबर निघाला. वर दाट झाडी, वाट दगडांची. हवा इतकी छान की मी मुद्दाम झपाझप चालू लागलो. अक्काला दाखवायचं होतं, की बघ, मला काही झालेलं नाही.

अर्ध्या वाटेवर छातीत आवळल्यासारखं झालं. डावा हात जड पडला. मी एका सागाला टेकून बसलो आणि उगाच धोतराचा काठ झटकू लागलो.

अक्का शेजारी बसली. "भास्कर, खरं सांग."

"दुखतंय," मी म्हणालो. "घरीही दोनदा दुखलं. कोणाला सांगितलं नाही. अक्का, मला भीती वाटते."

हे शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघाले. अक्काने माझा हात मांडीवर घेतला. "वाटणारच. मलाही वाटते. म्हणून मागच्या वर्षी पितळेची भांडी कोणाला, लुगडी कोणाला, सगळं सुनेला सांगून टाकलं. तेव्हापासून बरी झोप लागते." मग म्हणाली, "आणि हे बघ, आधी मी आहे. लहानपणी जेवणाच्या पंगतीत पुढे घुसायचास, तसं इथे चालणार नाही."

मला हसू आलं. हसताना दुखलं, तरी हसलो. हळूहळू छाती मोकळी झाली.

"खाली जाऊ या का?" अक्काने विचारलं. मी सुपडूकडे पाहिलं.

"गुरुजी, घाटमा बैलसले बी दम खावू देना पडस," तो म्हणाला. "तुम्ही ते मानूस शेतस."

आपण माणूस आहोत हे मान्य करून तासभर तिथेच बसलो. भाकरी खाल्ली, पक्षी ऐकले. पुन्हा दुखलं तर मुकाट परतायचं, असं अक्काला वचन दिलं. मग निघालो, वीस पावलं चालून बसायचं, पुन्हा वीस. माझ्या आजारपणाला शोभेल अशा चालीने मी पहिल्यांदाच चालत होतो, आणि या चालीने सगळं दिसत होतं. वारुळं, मोराचं पडलेलं पीस, अक्काच्या टाचेच्या भेगा.

वर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तळ्यात कमळं अजून बऱ्यापैकी उघडी होती. देवळात दोन गणपती शेजारी शेजारी, एकाची सोंड उजवी, एकाची डावी. कपाशीवाल्या बाईचा नमस्कार दोघांनाही सांगितला. स्वतःसाठी आयुष्य मागायचं ठरवून आलो होतो. प्रत्यक्षात तळ्याच्या पायरीवर पाय सोडून बसलो आणि मागायचं राहून गेलं. फार गार पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. बायकोला, गोदावरीला, समोर बसवून सगळं सांगितलं: दुखणं, भीती, कागदपत्रांच्या पेटीची किल्ली कुठे आहे ते. तिने उठून किल्ली जागेवर आहे ना ते पाहिलं. मग म्हणाली, "दीड महिना तुमच्या खाटेकडे बघून मीच आजारी पडले होते."

खाट आता माळ्यावर आहे. त्यानंतर छाती दोनदा दुखली, पुढेही दुखेल. एके दिवशी हृदय थांबणार आहे, हे आता मी माधवशीही बोलू शकतो. पण रोज सकाळी गोदावरी आणि मी गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत जातो. काल ती बोलता बोलता बरीच पुढे निघून गेली. मी बांधावर टेकलो. ती वळली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "या सावकाश. थांबलेय मी."