चालायला शिकणारा घोडा

बेळगाव स्टेशनाबाहेर तो टांगेवाला मला रोज दिसे. पुण्याच्या शर्यतींतून काढलेला चार वर्षांचा घोडा त्याने घेतला होता. मागून टांगा आला की घोडा उधळू पाही. दिवसाला शहापूरची एकच खेप, एकच उतारू. चढावर टांगेवाला स्वतः उतरून चाले. परतल्यावर घोड्याचे पाय गरम लागतात का, ते हाताने चाचपून पाही.

"अण्णा, घोडं हाय का जावई?" बाकीचे टांगेवाले हसत.

"हाडं भरायच्या आधी पळवलंय त्येला. लई काम दिलं तर पाय जातील. यंदा निस्तं चालायला शिकू दे."

वर्षाने मी त्याच्या टांग्यातून शहापूरला निघालो. दोन टांगे घंटा वाजवत पुढे गेले. घोड्याने फक्त कान हलवले. चढ आला, तसा मी उतरू लागलो.

"बसा सायेब," तो जागचा न हलता म्हणाला, "आता वढतंय त्ये."