अकराव्या प्रश्नाचं उत्तर

अप्पांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्याच्याशी याचा संबंध आहे.

आमचे कोणी पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते, तेव्हापासून आम्ही इथले. घरी मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड एवढी मिसळलेली की पुण्याहून आलेल्या माझ्या वर्गातल्या मुलीला अर्धं कळायचं नाही. ही लिहायची मराठी मी नंतर वाचून वाचून शिकले, त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

अप्पा लष्कर मोहल्ल्यातल्या एका शेडमध्ये लेथवर काम करायचे. शाफ्ट तासून झाला की त्यावरून करंगळीचं नख फिरवायचे आणि अजून कुठे खडबडीत आहे ते सांगायचे. मापाचं यंत्र नंतर. आता त्या करंगळीला काही कळेना. एकदा जेवताना भाताचा घास त्यांच्या बोटांतून सुटला आणि आईने तो पाहिला नाही असं दाखवलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हात गेला तर अप्पांना दुसरं काही येत नव्हतं.

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी महिनाभर गोळ्या दिल्या. साखर तपासली, ती नीट होती. मग आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. तिथले नसांचे डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी छोटी हातोडी मारून पाहिली, टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, नस कुठेतरी दबतेय. मानेत दबत असेल किंवा कोपरात, नुसतं बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. मानेतलं असेल तर उशीर करून चालणार नाही, म्हणून आधी मानेचा एमआरआय काढून आणा. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांशी बोलताना ते नेहमी माझ्याकडेच पाहायचे, जणू उत्तर मी द्यायचंय.

स्कॅनिंग सेंटर कुवेंपुनगरात होतं. सिटी बसमध्ये अप्पा बधिर बोटं चोळत बसले होते. त्यांना धीर यावा म्हणून मी त्या मशीनबद्दल सांगायला लागले. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात, ते मुळात एक प्रचंड मोठं चुंबक असतं, त्याच सत्रात आम्हाला चुंबकत्व शिकवलं होतं, वगैरे. मला ते सांगताना बरं वाटत होतं, हे आज कबूल करते.

अप्पा हसले. "म्हणजे मेस्त्रींचं लहान, आणि हे थोरलं."

मीही हसले. मेस्त्री म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने कारागीर. त्यांच्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक असायचं. लेथवर लोखंड तासताना कण उडतात. चष्मा असतो, पण घामाने धुरकट झाला की कोणी घालत नाही. कण डोळ्यात गेला की माणूस मशीन बंद करून मेस्त्रींच्या स्टुलावर जाऊन बसायचा. मेस्त्री काडेपेटीतल्या काडीवर पापणी उलटवायचे, चुंबक डोळ्याजवळ धरून हळूहळू फिरवायचे, आणि कण चिकटून आला की म्हणायचे, "बंतु." कन्नडमध्ये, आलं. तो कण ते त्या माणसाला दाखवायचे. मग कॉफी. तेवढ्यावर विषय संपायचा. याला कोणी अपघात म्हणत नसे. शाळेत असताना मी अप्पांचा डबा घेऊन जायचे तेव्हा हे कितीतरी वेळा पाहिलं होतं.

आणि तरी त्या दिवशी बसमध्ये मी नुसती हसले.

सेंटरमध्ये थंडगार हवा होती. काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म दिला आणि पेशंटला विचारून भरा म्हणाली. फॉर्म इंग्रजीत होता. शेजारच्या बाकावर एक बाई तसाच फॉर्म हातात धरून इकडेतिकडे पाहत होत्या, त्यांचाही मी भरून दिला. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, तुमची मुलगी हुशार आहे. अप्पांनी नुसती मान हलवली, पण त्यांचा चेहरा उजळला.

प्रश्न वीसेक होते. हृदयात पेसमेकर आहे का. कधी ऑपरेशन झालंय का. शरीरात कुठे धातूची पट्टी, स्क्रू, छर्रे. मी एकेक वाचून आमच्या घरच्या भाषेत विचारत होते आणि अप्पा नाही म्हणत होते. अकरावा प्रश्न असा होता की धातूच्या कणामुळे डोळ्याला कधी इजा झाली आहे का.

"अप्पा, लोखंड लागून डोळ्याला कधी काही झालंय? डॉक्टरकडे जावं लागलं असं?"

"डोळ्याला? नाही पुट्टी. डोळे चांगले आहेत माझे."

डॉक्टरचं मी माझ्या मनाने जोडलं होतं. फॉर्ममध्ये ते नव्हतं. मी 'नाही' वर खूण केली आणि बाराव्या प्रश्नाकडे गेले. खाली माझी सही आहे.

टेक्निशियन बाहेर आला, तिशीतला, घाईत असलेला, पण नीट वागणारा. त्याने पेशंटलाच पुन्हा विचारलं, अंगात कुठे धातू नाही ना? अप्पा नाही म्हणाले. मग घड्याळ, पट्टा, चाव्या. कमरेचा चांदीचा करगोटा अप्पांनी लग्नापासून काढला नव्हता. त्याची कडी निघेना. शेवटी टेक्निशियनने स्वतः पक्कड आणून ती उघडली. बाहेर दिसणारा सगळा धातू त्या माणसाने नीट काढून घेतला. अप्पांच्या उजव्या हातात त्याने एक रबरी फुगा दिला आणि म्हणाला, आत भीती वाटली तर दाबा.

जड दार बंद झालं. शेजारच्या, टेक्निशियनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला. मी समोरच्या खुर्चीत करगोटा मुठीत धरून बसले. तो अजून कोमट होता.

दोन-तीन मिनिटांनी भिंतीपलीकडून आवाज यायला लागला, ठक ठक ठक, लेथवर जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, नीट न बसल्यावर येतो तसा. त्या आवाजाने असेल किंवा हातातल्या कोमट चांदीने असेल, मला एकदम शेडमधली ती दुपार आठवली.

मी सहावीत असेन. डबा घेऊन गेले तेव्हा अप्पा मेस्त्रींच्या स्टुलावर बसले होते, डावा डोळा लालभडक. मेस्त्री चुंबक फिरवत होते. मी दारात उभी राहून 'बंतु' ची वाट पाहत होते, कारण त्यानंतर कॉफी यायची आणि मला त्यातली घोटभर मिळायची. मेस्त्री फिरवत राहिले. एकदा चुंबक पुसून पुन्हा फिरवलं. शेवटी अप्पाच म्हणाले, आता टोचत नाही, आपोआप पडला असेल. आणि उठून मशीनवर गेले.

त्या दिवशी मेस्त्री 'बंतु' म्हणाले नव्हते.

मी खुर्चीत ताठ बसले. भिंतीवर घड्याळ होतं, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मला सगळं कळलं होतं, म्हणजे जे कळायला हवं ते सगळं. चुंबक लोखंडाला काय करतं हे मी परीक्षेत लिहून आले होते. तरी मी उठले नाही. मला वाटलं, एवढा जुना कण कशाला राहील. राहिला असता तर दुखलं नसतं का. मग वाटलं, आत्ता जाऊन दार वाजवलं तर म्हणतील, फॉर्म तूच भरलास ना? ती शेजारची बाई अजून तिथेच होती आणि माझ्याकडे पाहून हसत होती. हे लिहायला लाज वाटते, पण मला त्या हसण्याचीही काळजी होती.

मी दार वाजवलं तेव्हा घड्याळात अकरा चोवीस झाले होते.

टेक्निशियनने दार अर्धवट उघडून आत यायचं नाही असं खुणेनेच सांगितलं. मी कन्नडमध्ये, अडखळत, लेथचं सांगितलं, कणाचं सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "हे आत्ता सांगताय, अम्मा?" आणि आत वळला. ठक ठक थांबलं. माइकमधून तो अप्पांना सांगत होता, डोळे मिटून ठेवा, हलवू नका, मी हळूहळू बाहेर काढतोय.

अप्पा बाहेर आले ते डाव्या डोळ्यावर तळवा धरून. आत जातानाच काहीतरी सरकल्यासारखं वाटलं होतं, ते म्हणाले. नंतर थांबलं. बाहेर येताना पुन्हा टोचलं. टेक्निशियनने विचारलं, मग फुगा का दाबला नाहीत?

"तुम्ही म्हणालात भीती वाटली तर दाबा. मला भीती नव्हती वाटली."

त्याच सेंटरमध्ये डोळ्यांचा साधा एक्स-रे काढला. तो आधी काढायचा असतो, लेथवाल्यांचा, वेल्डिंगवाल्यांचा, फॉर्ममध्ये 'हो' असतं तर काढला असता. काळ्या फिल्मवर डाव्या खोबणीत एक पांढरा ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा. सात-आठ वर्षं तो तिथे होता आणि अप्पा त्याच डोळ्याने सुताएवढी मापं वाचत होते.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी त्याच दुपारी तपासलं. कण मागच्या पडद्याजवळ रुतलाय, त्याच्याभोवती जुनं आवरण धरलंय, आणि थोडं ताजं रक्त आहे. रक्त हळूहळू शोषलं जाईल. आत्ता कण काढायला गेलो तर नजरेलाच धोका, तेव्हा लक्ष ठेवू. मी विचारलं, तो मशीनमुळे हलला का? त्यांनी खरं ते सांगितलं. आधीचं चित्र नाही, मग तुलना कशाशी करणार? मी आणखी विचारलं, मी दार वाजवलं म्हणून बाहेर येताना टोचलं का, की वाजवलं म्हणून थोडक्यात निभावलं? त्या म्हणाल्या की हे त्यांनाच काय, कोणालाच सांगता येणार नाही.

मानेचा एमआरआय झालाच नाही, डोळ्यात लोखंड आहे म्हणून आता कधी होणारही नाही. मग नसांच्या डॉक्टरांनी अप्पांना विजेच्या तपासणीला पाठवलं. हाताला तारा लावून छोटे झटके देतात आणि निरोप नसेतून किती वेगाने जातो ते पडद्यावर पाहतात. ते करणाऱ्या बाईंनी अप्पांना सहज विचारलं, मशीनवर कसे उभे राहता ते दाखवा पाहू. अप्पांनी टेबलाच्या कडेवर उजवा कोपर टेकवला आणि पुढे वाकले. मी त्यांना तसं हजार वेळा पाहिलं होतं. नस कोपरातच दबत होती. मानेत काही नव्हतं. कोपर टेकवणं बंद केलं, पट्टा बांधला, आणि काही महिन्यांनी करंगळीत मुंग्या यायला लागल्या. बरं होण्याची ती खूण, डॉक्टर म्हणाले. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी दोन शक्यता सांगितल्या होत्या आणि जास्त धोक्याची आधी पाहिली.

मी एकदा शेडमध्ये गेले. मेस्त्री आता फक्त बसून असतात. त्यांना त्या दुपारचं विचारावं की नाही हे ठरत नव्हतं. त्यांना अप्पांकडून कळलं होतं, त्यांनीच विषय काढला.

"त्या दिवशी कण दिसला नव्हता मला," ते चुंबक बोटांत फिरवत म्हणाले. "तुझा बाप म्हणाला पडला. मी पण म्हटलं, पडला असेल."

शेडमध्ये तेव्हा तीन माणसं काम करत होती. मी प्रत्येकाला विचारलं, डोळ्यात गेलेला एखादा कण बाहेर न येताच राहिलाय का. पहिला हसला, लग्न ठरवायला आल्यासारखी विचारतेस की, म्हणाला. दुसऱ्याने मशीन बंद केलं आणि तो आठवत उभा राहिला.

फॉर्मचं मी अप्पांना सांगितलं. डॉक्टरचं मी जोडलं होतं, तेही सांगितलं. ते म्हणाले, तू विचारलंस, मी नाही म्हटलं, सोड. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आम्ही निघताना डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी एक सांगून ठेवलंय. ते लोखंड आहे, आत गंजू शकतं. गंजायला लागलं तर बुबुळाचा रंग बदलतो, एका डोळ्याचा दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसायला लागतो. तसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. म्हणून दर रविवारी सकाळी अप्पा उंबऱ्यावर उन्हाकडे तोंड करून बसतात आणि मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून आधी उजवा डोळा पाहते, मग डावा. ते पापणी हलवत नाहीत. स्टुलावर बसायची सवय आहे त्यांना.

"सारखेच?" ते विचारतात.

"सारखेच," मी म्हणते.

गेल्या रविवारी मी डावा दोनदा पाहिला. कडेला किंचित तपकिरी वाटला, किंवा ऊन तिरपं होतं. मी अप्पांना जरा वळून बसायला सांगितलं आणि पुन्हा पाहिलं. मग काहीच ठरवता येईना. या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हटलं, अप्पा, चप्पल घाला, आपण आत्ताच जाऊ. त्यांनी चप्पल घातली.